तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल व शोकपर्यवसायी नाटक

शोकपर्यवसायी नाटक पाहून परततांना डोळे ओले असतात, तरी मन हलकें झालेलें असतें, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. दुःख पाहून समाधान कां वाटावें? या प्रश्नाचा सखोल विचार करणाऱ्या एका थोर ग्रीक पुरुषाचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

ॲरिस्टॉटलचा जन्म ख्रिस्तपूर्व ३८४ मध्यें स्टॅगिरा गांवीं झाला. त्याचा पिता निकोमॅकस हा मॅसिडोनियाच्या राजाचा वैद्य होता. सतराव्या वर्षीं तो अथेन्स येथें प्लेटोच्या अकॅडमींत दाखल झाला व गुरूच्या निधनापर्यंत, सुमारें वीस वर्षें, तेथेंच राहिला. पुढें त्यानें राजपुत्र अलेक्झांडर यास शिकविलें आणि ख्रिस्तपूर्व ३३५ मध्यें अथेन्सला परतून लायसियम ही पाठशाळा स्थापिली.

गुरूशीं त्याचा एका बाबतींत मतभेद झाला. रंगभूमीवरील विलापानें प्रेक्षकांचा विवेक दुबळा होतो, असें प्लेटोस वाटे. म्हणून आपल्या आदर्श राज्यांत त्यानें अशा कवींस थारा दिला नाहीं. ॲरिस्टॉटलनें 'काव्यशास्त्र' या ग्रंथांत दुसरी बाजू मांडिली. असें नाटक करुणा व भय जागृत करून त्या भावनांचें 'कॅथार्सिस' घडवितें, असें त्याचें प्रतिपादन आहे. हा ग्रीक शब्द वैद्यकांत शरीरांतील दोष बाहेर काढण्याच्या क्रियेस व धर्मांत शुद्धीकरणास लावीत. वैद्याच्या मुलानें तो योजावा, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. त्याचा नेमका अर्थ मात्र उपलब्ध ग्रंथांत उलगडलेला नाहीं; कोणी विरेचन म्हणतात, कोणी शुद्धि, आणि पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

सोफोक्लीझच्या 'ईडिपस' नाटकाची तो वारंवार प्रशंसा करितो. प्रजेच्या हितासाठीं राजा ज्या अपराध्याचा शोध करितो, तो अपराधी आपणच आहों, हें अखेर त्यास कळतें. तो दुष्ट नाहीं, म्हणून करुणा येते. आपणांसारखाच चुकणारा माणूस आहे, म्हणून भय वाटतें.

ख्रिस्तपूर्व ३२३ मध्यें अलेक्झांडर वारला. अथेन्समध्यें मॅसिडोनियाविषयीं द्वेष उसळला व ॲरिस्टॉटलवर पाखंडाचा आरोप आला. तो कॅल्किस येथें निघून गेला आणि पुढच्याच वर्षीं निवर्तला.

नाटक पाहतांना मुलाचे डोळे भरून आले, तर त्यास भित्रा म्हणून हिणवूं नये, अशी पालकांस आमची विनंती आहे. विद्यार्थ्यांनींही त्या आंसवांची लाज बाळगूं नये. परक्याच्या दुःखानें द्रवणारें मन दुबळें नव्हे.