परातीएवढा चंद्र आणि इब्न अल-हैसम

रमजानच्या चौदाव्या-पंधराव्या रात्री, इफ्तारनंतर, अकोल्यात मोर्णेच्या पुलावरून किंवा अमरावतीत वडाळी तलावाच्या काठावरून पूर्वेला पाहा. उगवता चंद्र परातीएवढा वाटतो. तरावीह आटोपून बाहेर यावे, तर तोच चंद्र वर चढून वाटीएवढा झालेला! असे का होते, याचा शोध हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी घेतला होता.

त्यांचा जन्म सुमारे ९६५ साली इराकमधील बसरा येथे झाला. नाईल नदीचे पाणी आवरण्याची योजना घेऊन ते इजिप्तला गेले, असे सांगतात. नदी प्रत्यक्ष पाहिल्यावर आपला अंदाज चुकल्याचे त्यांनी ओळखले. खलिफा अल-हाकिमच्या रागाला भिऊन त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये खलिफा जाईपर्यंत ते कैदेत राहिले, अशी कथा आहे. पुढे ग्रंथांच्या नकला करून ते पोट भरत.

डोळ्यातून किरण निघतात म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी यांचे मत होते. इब्न अल-हैसम यांनी ते ताडून पाहिले. प्रखर सूर्याने डोळा दुखतो, म्हणजे प्रकाश बाहेरून आत येतो. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे ठेवले. भिंतीवर प्रत्येकाचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका जाई, उघडला की परत येई. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची, हा नियम आज मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतही पाळला जातो.

‘किताब अल-मनाझिर’ या सात भागांच्या ग्रंथात त्यांनी दाखवले, की पाहण्याचे काम डोळ्यावर संपत नाही. मनही अंदाज बांधते. क्षितिजाकडे मध्ये जमीन, झाडे, घरे असतात. त्यामुळे चंद्र दूर वाटतो आणि दूरचा म्हणून मोठा वाटतो. या कोड्यावर आजही संशोधन चालू आहे.

जुन्या थोरांवर शंका घ्यावी, तशी स्वतःच्या मतावरही घ्यावी, अशी त्यांची शिकवण होती. सुमारे १०४० मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले.

यंदा हरभऱ्याचा एक दाणा खिशात ठेवा. एक डोळा मिटून, हात पूर्ण लांब करून, तो चंद्रासमोर धरा. आधी उगवताना, मग तरावीहनंतर. दाणा तोच, हात तोच. चंद्र खरेच लहान झाला का, ते स्वतः पाहा. आमच्या सांगण्यावर विसंबू नका.