रात्रीच्या दोन घटका

मागच्या संक्रांतीला हळदीकुंकू आटोपल्यावर आम्ही साऱ्याजणी गच्चीवर गप्पा मारत बसलो होतो. आजपासून दिवस तिळातिळानं मोठा होणार, असं मी सहज म्हटलं. तर दहावीतल्या भाचीनं मला तिथंच अडवलं. दिवस मोठा व्हायला डिसेंबरच्या २२ तारखेपासूनच सुरुवात होते म्हणे! सगळ्या हसल्या, मी मात्र खजील झाले. इतकी वर्षं तिळगूळ वाटतेय, पण सूर्य रोज कुठं उगवतो ते कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

मग शोधाशोध करताना कळलं, की हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका मास्तरांनी धसाला लावला होता. आणि ते मास्तर काही वर्षं आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला होते! त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

जन्म १८५३ सालचा, दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढं सारं आयुष्य शाळामास्तरकीत गेलं. रेवदंडा, ठाणे, मग १८८२ ते १८८९ बार्शी, त्यानंतर धुळे आणि शेवटी पुणे. दिवसा मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात जुने ग्रंथ, गणितं आणि आकाश. हाताशी ना वेधशाळा, ना मोठ्या पदव्या.

पंचांगात लिहिलेलं आकाशात दिसलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आपली पृथ्वी भोवऱ्यासारखी अगदी सावकाश डोलते. त्यामुळं हजारो वर्षांत पंचांगातली संक्रांत आणि खरं उत्तरायण यांत तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलंय. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या जोडीनं दीक्षितांनी सूर्याच्या खऱ्या स्थितीवरून सायन पंचांग चालवलं. सणवार बदलायचे म्हटल्यावर कोण ऐकणार? ते पंचांग काही रुजलं नाही. पण मास्तर थांबले नाहीत.

त्यांची दुसरी गोष्ट तर मला फारच आवडली. शतपथ ब्राह्मणात लिहिलंय, की कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत. आज मात्र त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. मग त्या नेमक्या पूर्वेला कधी उगवत असतील? दीक्षितांनी गणित मांडलं आणि उत्तर आलं, सुमारे ५००० वर्षांपूर्वी. एका ओळीवरून केवढा काळ मोजला त्यांनी! १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा ग्रंथ छापून आला. पुढं त्याचं इंग्रजी भाषांतर झालं.

पण आपल्यासारख्यांसाठी त्यांनी आधीच एक सोपं पुस्तक लिहून ठेवलं होतं, ‘ज्योतिर्विलास’. त्याचं दुसरं नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे ४८ मिनिटं. एवढा वेळ तर आपण टीव्हीवरच्या मालिकांना सहज देतो!

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. त्याचे फोटो घ्यायला करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याहून प्राध्यापक कावसजी नाईगामवाला आले, अमेरिकेहून कॅम्पबेल आले. कॅम्पबेल यांच्या पत्नी एलिझाबेथही मदतीला होत्या. आपल्या जिल्ह्यात हे चाललं होतं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये दीक्षित गेले. पंचेचाळिशीही पुरी झाली नव्हती.

हे सगळं कळल्यावर मीही वर बघायला लागले. सांगोल्यात पाऊस कमी म्हणून आपण रडतो, पण त्यामुळंच आकाश किती रात्री स्वच्छ मिळतं! दिवाळीत आठ-साडेआठला पूर्वेकडं तोंड करून उभी राहिले, तर कृत्तिकांचा झुबका खरंच बराच डावीकडं होता. पहिल्या दिवशी चारच तारे दिसले. गच्चीवरचा दिवा मालवून पंधरा मिनिटं डोळे अंधाराला सरावू दिले, तेव्हा सहा मोजता आले. मोबाइलवरचे पहिले फोटो हात हलल्यानं फुकट गेले. मग तो दोन विटांच्या आधारानं ठेवला, नाईट मोड लावला, टायमर लावला आणि मृगाचे तीन तारे ओळीत उमटले.

डिसेंबरात रोज सकाळी सूर्य शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीच्या उजवीकडं सरकत गेला, चार-सहा दिवस थांबल्यासारखा वाटला आणि मग परत फिरला. भाचीचं खरं निघालं. दीक्षितांचंही.

परवा संक्रांत. यंदा हळदीकुंकू गच्चीवरच ठेवलंय, रात्री आठला. तेव्हा कृत्तिका अगदी डोक्यावर असतील. मैत्रिणींनो, तुम्हीही वाण देऊन झालं की दिवा मालवा आणि घटकाभर वर बघा.