लग्नगड्यांच्या कैवारी गोदावरीबाई परुळेकर

ठाणें जिल्ह्यांत राहणाऱ्या आपणांपैकीं पुष्कळांनीं ‘लग्नगडी’ हा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल. गरीब वारली तरुण लग्नाकरितां सावकाराकडून थोडे रुपये घेई, आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरीं राबे. लग्न होतांच त्याची बायकोही त्याच कामास जुंपली जाई. हिशेब सावकाराच्या वहींत असे. ज्यास अक्षरओळख नाहीं त्यास तो कसा कळावा? म्हणून कर्ज फिटत नसे.

गुलामगिरीस कायद्याचा आधार १८४३ सालींच नाहींसा झाला होता. तरी ऋणाचें नांव धारण करून ती या रानांत शंभर वर्षें टिकली. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांतही १७८० च्या कायद्यानें दासीचें मूल गुलाम नव्हे असें ठरलें, परंतु वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत त्यास धन्याची चाकरी चुकली नाहीं.

गोदावरीबाईंचा जन्म १९०७ सालीं पुणें येथें गोखले घराण्यांत झाला. त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला, भारत सेवक समाजांत काम केलें, आणि पुढें पति शामराव यांजबरोबर साम्यवादी पक्षांत राहून शेतकऱ्यांची सेवा पतकरली. १९४५ च्या जानेवारींत कल्याणजवळ टिटवाळा येथें शेतकऱ्यांची परिषद भरली. उंबरगांवाकडील मूठभर वारली तेथें आले व त्यांनीं आपली हकीकत सांगितली. ती ऐकून बाई त्यांच्या पाड्यांवर गेल्या आणि त्यांच्याच झोंपड्यांत राहिल्या.

२३ मे रोजीं झरी गांवीं सुमारें ५,००० वारली जमले. वेठ करावयाची नाहीं व रोख मजुरीवांचून राबावयाचें नाहीं, असें ठरलें. मग वारल्यांनीं स्वतःच सावकारांच्या दारीं जाऊन लग्नगडी सोडवून आणले. ह्याची किंमतही द्यावी लागली. १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें पोलिसांनीं गोळीबार केला, त्यांत ५ जण मरण पावले; परुळेकर पतिपत्नींस जिल्हाबंदी झाली. तरी लग्नगडी पुन्हां सावकाराच्या घरीं गेला नाहीं.

हा सर्व वृत्तांत बाईंनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत लिहिला. त्यास १९७२ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७६ सालीं वेठबिगारी कायद्यानेंच बंद झाली. बाई १९९६ सालीं निवर्तल्या.

परंतु उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारीं कुटुंबें आपण आजही पाहतों. म्हणून आमची विनंती इतकीच, कीं लग्नाचा खर्च आटोक्यांत ठेवावा, मुलांस हिशेब शिकवावा, आणि कागद वाचून घेतल्यावांचून त्यावर अंगठा उठवूं नये.