पंडिता रमाबाई व त्यांचें बहिरेपण

पंडिता रमाबाईंचें नांव ज्यास ठाऊक नाहीं असा विद्यार्थी विरळा. परंतु या विदुषीस ऐकूं कमी येत असे, ही गोष्ट त्यांचें चरित्र वाचतांना सहज नजरेआड होते. म्हणून तिच्याविषयींच येथें लिहितों.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८५८ सालीं झाला. आईनें त्यांस संस्कृताची संथा तोंडीं दिली. म्हणजे त्यांची आरंभींची सारी विद्या कानांवाटेच आली. पुढें दुष्काळांत आईबाप गेले. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८२ सालीं पतिनिधन झालें व लहानग्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या. हिंदी स्त्रियांस स्त्री-वैद्य हवेत असें त्यांनीं हंटर कमिशनपुढें सांगितलें, आणि स्वतःच वैद्यक शिकावें म्हणून १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या.

तेथें कानांनीं दगा दिला. बहिरेपण वाढत चाललें, व वैद्यकाचा मार्ग बंद झाला.

पावसाळ्यांत अंजनवेलीस कौलांवर सर कोसळली कीं मागच्या बांकावरील मुलांस शिक्षकाचा शब्द ऐकूं येत नाहीं. ज्यास तो बारा महिने ऐकूं येत नाहीं, त्यास आपण मठ्ठ ठरवून मोकळे होतों. मींही एका मुलास तसें ठरविलें होतें. तो कानांनीं अधू आहे हें मला वर्षअखेरीस कळलें.

चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजच्या प्रमुख डॉरोथिया बील यांनीं मात्र रमाबाईंस ठेवून घेतलें. तेथें १८८४ ते १८८६ पर्यंत त्या गणित, शास्त्रें व इंग्रजी शिकल्या आणि संस्कृत शिकवीत. एकाच आवारांत विद्यार्थिनीही व शिक्षिकाही! १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें आनंदीबाई जोशी यांस डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई मुद्दाम गेल्या. आपणांस नाकारलेली पदवी दुसरीस मिळतांना पाहण्यास एवढा समुद्र ओलांडून जाणें, हें मला त्यांच्या विद्वत्तेहून मोठें वाटतें.

१८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें. नंतर केडगांवीं मुक्तिसदन. तेथें अंध स्त्रियांसही आश्रय होता, आणि ब्रेल लिपीनें बोटांनीं वाचावयास शिकविलें जाई. उतारवयांत रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. भाषांतराचें काम पुरें झालें होतें.