लुई ब्रेल : अंधांच्या हाती लेखणी देणारा शिक्षक

अंध मुलांना वाचता यावे, यासाठी लुई ब्रेल यांच्या आधीही प्रयत्न झाले होते. त्या मुलांना स्वतःच्या हाताने लिहिताही आले पाहिजे, हा ध्यास मात्र ब्रेल यांचा. अवघ्या 43 वर्षांच्या आयुष्यात त्यांनी तो तडीस नेला.

पॅरिसच्या पूर्वेकडील कूव्रे या गावी 4 जानेवारी 1809 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगिरे व लगाम बनवीत. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या कामाच्या जागी खेळत असताना चामडे टोचण्याचे धारदार हत्यार त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्णपणे गेली. तरीही आईवडिलांनी त्याला घरी बसवले नाही. गावच्या शाळेत डोळस मुलांसोबत तो केवळ ऐकून शिकला आणि हुशार ठरला.

1819 मध्ये त्याला पॅरिसच्या अंधशाळेत प्रवेश मिळाला. या शाळेचे संस्थापक वालांतँ आवी यांनी कागदावर उठावाची रोमन अक्षरे छापून पुस्तके तयार केली होती. प्रयत्न स्तुत्य असला, तरी ती पुस्तके अवजड होती आणि एकेक अक्षर चाचपून वाचण्यात फार वेळ जाई. शिवाय मुलांना त्या पद्धतीने स्वतः काही लिहिता येत नसे. अक्षरांचा आकार डोळ्यांसाठी घडलेला होता; बोटांच्या सोयीचा विचार त्यात नव्हता.

याच सुमारास शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याने बारा बिंदूंची पद्धत शाळेपुढे मांडली. बिंदू बोटांना चटकन कळत आणि टोचून लिहिताही येत. परंतु ती ध्वनींवर बेतलेली असल्याने शब्दांचे वर्णलेखन व विरामचिन्हे तीत बसत नव्हती. बारा बिंदूंचा आकारही बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. किशोरवयीन लुईने या उणिवा हेरल्या. 1824 पर्यंत, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची सहा बिंदूंची योजना आकारास आली. पहिली दहा अक्षरे वरच्या चार बिंदूंत बसतात. त्यांना खालचा एक बिंदू जोडला की पुढची दहा तयार होतात. 1829 मध्ये त्यांनी ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तीत संगीतलेखनाचीही सोय होती. ब्रेल स्वतः उत्तम ऑर्गनवादक होते.

पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. अंध विद्यार्थ्याने लिहिलेले पत्र त्याच्या डोळस आप्तांना वाचता यावे, म्हणून 1839 मध्ये त्यांनी बिंदूंनीच नेहमीची रोमन अक्षरे रेखाटण्याची रीत तयार केली. ते काम वेळखाऊ होते. पिएर फुको या अंध माजी विद्यार्थ्याने त्यासाठी 1841 मध्ये यंत्र बनवले. टंकलेखन यंत्र सर्रास वापरात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

विरोध झाला तो शाळेतूनच. डोळस शिक्षकांना न वाचता येणारी लिपी अंधांना समाजापासून तोडील, असा आक्षेप होता. 1840 नंतर नव्या संचालकांनी तिला मज्जाव केला. मुले मात्र ती चोरून वापरत राहिली. अखेर 1844 मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि विरोध मावळला. क्षयाने खंगलेल्या ब्रेल यांचे 6 जानेवारी 1852 रोजी निधन झाले. फ्रान्सने लिपीला अधिकृत मान्यता दिली ती त्यानंतर, 1854 मध्ये. निधनाच्या शताब्दीला, 1952 मध्ये, त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने हलवण्यात आले.

भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये भारती ब्रेल निश्चित झाली. तिच्यात मराठी, कोंकणी, हिंदी आणि कन्नड ‘क’ एकच आहे, आणि रोमन ‘के’चे बिंदूही तेच. गोव्यात वा बेळगावात पाट्यांवरच्या लिप्या डोळ्यांना वेगळ्या दिसतात. बोटाला मात्र हे अक्षर सर्वत्र ओळखीचे लागते.

आज मोबाईल मजकूर वाचून दाखवतो. त्यामुळे ब्रेल कशाला शिकायची, असा प्रश्न पालकही विचारतात. ध्वनीतून माहिती मिळते, यात शंका नाही. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक केवळ ऐकून मुलाच्या मनात पक्का होत नाही; त्यासाठी अक्षर हाताखालून जावे लागते. ब्रेल यांनी यंत्राला कधी नकार दिला नाही, मात्र यंत्र हाती घेणारे मूल आधी साक्षर असावे, हीच त्यांच्या कार्याची शिकवण आहे. आपल्या शाळांनी अंध मुलाला मोबाईल अवश्य द्यावा. त्याच्यासोबत ब्रेलची पाटी आणि टोचणीही द्यावी.