कावसजी नायगमवाला आणि पुण्याची वेधशाळा

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र येते. जिजाबाई, अहिल्याबाई, पंडिता रमाबाई, डॉक्टर आनंदीबाई या सर्वांची चरित्रे आपण वाचली. यंदा हे काम मजकडे आले, तेव्हा मी एका वेगळ्याच गृहस्थांचे नाव सुचविले. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या लोकांत ते नाव प्रसिद्ध आहे, परंतु आपल्या घरांत ते सहसा कोणी घेत नाही.

याचे कारण असे झाले. गेल्या मार्गशीर्षात एका रात्री आमच्या भागातले दिवे गेले. एरवी सांताक्रूझला विमानतळाच्या आणि रस्त्याच्या उजेडात चंद्राशिवाय काही दिसत नाही. त्या रात्री मात्र गच्चीवरून कृत्तिकांचा झुबका दिसला, आणि त्याच्या खाली पूर्वेला मृग नक्षत्र. शेजारच्या लहान मुलीने विचारले की, काकू, हे तारे असे एकत्र का बसले आहेत? मला उत्तर देता आले नाही. मग ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचू लागले, आणि त्यांत कावसजी भेटले.

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा, बंडाच्या वर्षातला. घराणे पारशी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८७८ साली ते एम. ए. झाले आणि १८८२ साली त्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्याच वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. या पैशांतून प्रकाशाचे पृथक्करण करण्याची प्रयोगशाळा काढावी असा बेत होता.

आता हे पृथक्करण म्हणजे काय, ते मला समजले तसे सांगते. जुन्या झुंबराचा लोलक उन्हात धरला की भिंतीवर रंगांचा पट्टा पडतो. त्याला वर्णपट म्हणतात. आणि चुलीवर मिठाचे पाणी उतू गेले की ज्योत एकदम पिवळी होते, हे आपण रोज पाहतो. प्रत्येक पदार्थाचा असा स्वतःचा रंग असतो आणि वर्णपटात त्याची रेघ ठरलेल्या जागी उमटते. म्हणून ताऱ्याचा प्रकाश लोलकातून काढला की तो तारा कशाचा आहे आणि किती तापलेला आहे, हे घरबसल्या समजते. कोणी तिथे जावयास नको.

१८८४ साली कावसजी इंग्लंडास गेले. तेथील ज्योतिषांनी सल्ला दिला की नुसती प्रयोगशाळा कशाला, चांगली वेधशाळाच काढा. मुंबईच्या दमट हवेपेक्षा पुणे बरे, म्हणून १८८५ साली त्यांची नेमणूक पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाली. (हेच पुढचे इंजिनिअरिंग कॉलेज.) तेथे १८८८ साली महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कारखान्याची दुर्बीण आणली. तिचा आरसा वीस इंच, म्हणजे आपल्या दोन वितींहून थोडा जास्तच रुंद. पुष्कळ वर्षे हिंदुस्थानात याहून मोठी दुर्बीण नव्हती.

या दुर्बिणीतून त्यांनी मृगाकडे पाहिले. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण आहे, त्याच्या खाली एक अंधुक ठिपका दिसतो. तो तारा नव्हे, तेजोमेघ आहे. वायूचा प्रचंड ढग. त्याच्या वर्णपटात एक हिरवी रेघ सर्वांत ठळक असते, आणि तिच्यावरून त्या काळी विलायतेत मोठा वाद माजला होता. सर नॉर्मन लॉकियर हे फार बडे शास्त्रज्ञ. सूर्यात हेलियम ओळखणारे ते, आणि नेचर नावाचे शास्त्रीय पत्रही त्यांनीच काढलेले. त्यांचे म्हणणे असे होते की आकाशातले सर्व काही उल्कांच्या थव्यांतून घडले आहे, आणि ही हिरवी रेघ उल्कांमधल्या मॅग्नेशियमची. तसे असते तर रेघ एका बाजूने पसरट व पुसट दिसली पाहिजे. हगिन्स नावाचे दुसरे शास्त्रज्ञ म्हणत होते की तसे मुळीच नाही.

कावसजींनी पुण्यात बसून ती रेघ पुन्हा पुन्हा तपासली. प्रकाश आत येण्याची फट अरुंद करून पाहिली, रुंद करून पाहिली. दर वेळी रेघ दोन्ही बाजूंनी स्वच्छ आणि रेखीव. १८९१ साली त्यांनी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात तसे छापून दिले. पारतंत्र्याच्या त्या दिवसांत, सरकारी नोकरीतल्या माणसाने लॉकियरसाहेबांचे चुकले असे दाखवून द्यावयाचे, ही लहान गोष्ट नव्हे. मला तर त्यांच्या चरित्रात हाच भाग सर्वांत आवडला. ती रेघ खरोखर कशाची, हे १९२७ साली बोवेन यांनी सांगितले: अतिशय विरळ झालेल्या प्राणवायूची. तोवर लोक तिला नेब्युलियम नावाच्या न सापडलेल्या मूलद्रव्याची समजत होते.

त्या शेजारच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळाले. मृगातल्या त्या ढगात तारे जन्मत आहेत, आणि एका ढगातले तारे जन्मल्यावर बराच काळ एकत्र राहतात. कृत्तिका म्हणजे असाच एक तारकापुंज, सुमारे दहा कोटी वर्षे वयाचा. मृगातला त्यापुढे अगदी तान्हा. पुंजातले तारे सख्ख्या भावंडांसारखे असतात: वय एक, आपल्यापासूनचे अंतर जवळजवळ एक. मग कोण अधिक तेजस्वी ते मापून आणि कोण अधिक तापलेला ते वर्णपटावरून पाहून, ताऱ्याचे आयुष्य कसे सरते हे ताडता येते. कोणाचे वजन जास्त तो लवकर म्हातारा होतो.

२२ जानेवारी १८९८ रोजी आपल्याकडे खग्रास सूर्यग्रहण झाले. पौषातली अमावस्या होती. दिवस प्लेगचे, आणि आदल्याच वर्षी पुण्यात रँडचा खून झालेला. अशा वेळी कावसजींनी सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे तळ ठोकला. भर दुपारी सुमारे दोन मिनिटे अंधार झाला, तेवढ्यात सूर्याभोवतालच्या तेजाचे व त्याच्या वर्णपटांचे फोटो घ्यावयाचे होते. एवढ्या तयारीनंतर ढग आला असता तर सारे फुकट. पण आकाश निरभ्र राहिले. त्याच दिवशी लॉकियर विजयदुर्गच्या किल्ल्यावर होते, आणि तळणी येथे ॲनी माँडर या बाईंनी लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभेचा इतका लांब झोत टिपला की मोठमोठ्या यंत्रांनाही तो साधला नव्हता. आपल्या बायाबापड्या त्या वेळी नदीवर स्नानास गेल्या असतील किंवा दार लावून बसल्या असतील. कावसजींचा जेऊरचा अहवाल १९०२ साली छापून निघाला.

पुढचा भाग लिहिताना वाईट वाटते. १९१२ साली कावसजी निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. चोवीस वर्षे जे चालले ते त्यांच्या एकट्याच्या जिवावर. त्यांच्या खुर्चीत बसणारा कोणी तयार झाला नव्हता. आपला शिवणवर्ग शिकविणाऱ्या बाई दुसरीकडे राहावयास गेल्या आणि वर्ग मोडला, त्याची मला आठवण झाली. यंत्रे कोडाईकनालला पाठविली. तेथे मुख्य काम सूर्याचे, त्यामुळे रात्रीची ही दुर्बीण फार वर्षे नुसती पडून होती. पुढे ती उभारली, तेव्हा तिला भावनगर दुर्बीण म्हणू लागले. देणाऱ्याचे नाव राहिले, वापरणाऱ्याचे गेले.

कावसजी त्यानंतर सव्वीस वर्षे जगले आणि १९३८ साली वारले. पुण्याजवळ गिरवली येथे दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६ साली सुरू झाली, ती त्यांच्या दुर्बिणीच्या जवळजवळ चौपट रुंद. आपल्या मंडळाची सहल पुढे कधी जुन्नर-भीमाशंकरकडे निघाली तर वाटेत ती टेकडी पाहावी, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे.