लॅटिन येत नाही म्हणून खालच्या वर्गात बसलेला मुलगा



इंग्रजी शब्द पाठच होत नाहीत, ही तक्रार तुम्ही प्रत्येक पालकसभेत ऐकली असेल. रात्री दहा शब्द घोकायचे आणि सकाळी त्यातले सहा विसरायचे. आज एका अशा माणसाची गोष्ट सांगतो, ज्याचं इंग्रजी जगाने वाखाणलं, पण ज्याला व्याकरणाचा मनापासून कंटाळा होता. त्यांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक आपल्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) भुईकोट किल्ल्यात लिहिलं गेलं. होय, पंडित जवाहरलाल नेहरू.

जन्म १४ नोव्हेंबर १८८९, अलाहाबाद. घर श्रीमंत, त्यामुळे लहानपणी शिक्षक घरीच यायचे. एक पंडितजी हिंदी आणि संस्कृत शिकवायला येत. त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, पण पदरात फार थोडं पडलं. दोष आपलाच होता, भाषा आणि व्याकरण हा आपला प्रांत नव्हे, असं नेहरूंनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने कबूल केलंय. दुसरे शिक्षक फर्डिनंड ब्रुक्स. त्यांनी मात्र वाचनाची गोडी लावली आणि मुलगा इंग्रजी पुस्तकांचा फडशा पाडू लागला.

१९०५ साली, पंधराव्या वर्षी, जवाहरला इंग्लंडमधल्या हॅरो शाळेत घातलं. आणि तिथे काय झालं? लॅटिन कच्चं म्हणून त्याला खालच्या वर्गात बसवलं! सामान्यज्ञानात हा मुलगा बरोबरीच्या मुलांच्या पुढे होता, तरीही. थोड्याच दिवसांत तो वर सरकला ही गोष्ट वेगळी. पण विचार करा, घरी संस्कृत कंटाळवाणं वाटलं, शाळेत लॅटिन आडवं आलं. पुढे केंब्रिजला त्याने रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र घेतलं. म्हणजे ग्रीक-लॅटिन शब्दांचं रानच. तिथून १९१० मध्ये पदवी मिळवली. बॅरिस्टर होऊन १९१२ ला स्वारी भारतात परतली. पुढचं राजकारण, चळवळ, तुरुंगवास आपण पाठ्यपुस्तकात शिकवतोच.

मला महत्त्वाचं वाटतं ते १९२८ साल. त्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला होती आणि नेहरू अलाहाबादला. त्यांनी मुलीला पत्रं लिहिली. पृथ्वी कशी झाली, माणूस कसा आला, असं सगळं. त्यातलं एक पत्र भाषांच्या नात्यावर आहे. आपले पिता-माता, लॅटिनमध्ये पातेर-मातेर, जर्मनमध्ये फाटर-मुटर, फ्रेंचमध्ये पेर-मेर. ऐका आणि सांगा, सारखे वाटतात की नाही? या भाषा चुलत बहिणी आहेत, असं त्यांनी मुलीला समजावलं. व्याकरणाला कंटाळणाऱ्या माणसाने नेमकं शब्दांचं मूळ धरून मुलीला भाषा सांगितली, हे मला फार आवडतं.

आता जरा तुमच्या वर्गात या. आपल्या मुलांना 'दंत' माहीत आहे, मग डेंटिस्ट पाठ कशाला करायचा? 'स्था'वरून स्थान, स्थिर. तिकडे स्टेशन, स्टेबल. 'मृत' माहीत असेल तर मॉर्टल कळतो. 'पाद' म्हणजे पाय. लॅटिनमध्ये 'पेड', म्हणून पेडल आणि पेडेस्ट्रियन. ग्रीकमध्ये 'पोद', म्हणून तीन पायांचा ट्रायपॉड. सप्त, अष्ट, नव, दश म्हणा आणि सप्टेंबर ते डिसेंबर म्हणा. सप्टेंबर नववा महिना कसा, असं एखादं चुणचुणीत पोर विचारणारच. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, हे तयार ठेवा.

पण जपून हं. पीडियाट्रिशियन पायाचा डॉक्टर नव्हे. तिथला 'पेड' ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मूल. दुसरं, इंग्रजी संस्कृतमधून निघाली असं मुलांना सांगू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तसं खूप फिरतं. नेहरूंनी चुलत बहिणी म्हटलं, आई-मुलगी नाही, आणि तेच बरोबर आहे. १७८६ मध्ये कोलकात्यात सर विल्यम जोन्स यांनीही संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात, असंच मांडलं होतं.

९ ऑगस्ट १९४२ ला, 'छोडो भारत'च्या वेळी, नेहरूंना मुंबईत पकडलं आणि आपल्या किल्ल्यात आणलं. हा त्यांचा नववा आणि सर्वांत लांब तुरुंगवास. सोबत मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव. भारतातल्या बहुतेक मोठ्या भाषा त्या आवारात बोलल्या जात होत्या. शिवाय संस्कृत, पाली, अरबी, फारसीचे जाणकार. अशी स्टाफरूम कुठे मिळणार!

नेहरूंनी तिथे बाग करायला घेतली. जमीन दगडाधोंड्यांची. भर उन्हात फुलांचे वाफे खणताना खालून जुन्या भिंती निघाल्या, घुमटांचे माथे निघाले, एका भिंतीवर कोरलेलं कमळ दिसलं. पण अधिकाऱ्यांना हे खोदकाम मानवलं नाही. शेवटी फावडं ठेवून त्यांनी लेखणी घेतली. एप्रिल ते सप्टेंबर १९४४, पाच महिन्यांत हाताने लिहिलेली हजारेक पानं, तीच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. लहानपणी न जमलेल्या संस्कृतबद्दल, पाणिनीबद्दल आणि त्या विल्यम जोन्सबद्दलही त्यात आदराने लिहिलंय. २८ मार्च १९४५ ला त्यांना इथून हलवलं, जूनमध्ये सुटका झाली आणि १९४६ मध्ये पुस्तक छापून आलं. २७ मे १९६४ ला पंतप्रधानपदावर असतानाच ते गेले.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा सहल न्यायची तर आधी चौकशी करा. आणि दाराशी उभं राहून मुलांना 'फोर्ट' हाच शब्द द्या. लॅटिन 'फोर्टिस' म्हणजे बळकट. एफर्ट आणि कम्फर्ट त्याच मुळाचे. आणखी कोणते सापडतात ते मुलांनाच शोधू द्या.